आधी कीर्द, मग खतावणी : मी डेटाबेस रिकव्हरी कशी शिकले

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, नुकतीच डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, म्हणून लागलीये, म्हणाली ताई बॅकअप-रिकव्हरी शिकायचीये, कुठला कोर्स करू. मी तिला अर्धा तास बरंच काही सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली, म्हणून हे लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

माझी सुरुवात २०१६ ची. पुण्यातली एक छोटी कंपनी, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारी, आणि माझ्याकडे सांगलीतली एक पतसंस्था दिलेली. लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस ९.५ हा डेटाबेस, रोज रात्री ११ ला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, पीजी डंप ही सगळा डेटा फाइलमध्ये उतरवणारी कमांड चालायची आणि फाइल त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर पडायची, सकाळी शिपाई ती पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवायचा. मला वाटायचं बॅकअप व्यवस्थित आहे. कोर्समध्ये तेवढंच शिकवलं होतं, डंप घ्यायची कमांड आणि डंप चढवायची कमांड, दोन्ही पाठ.

ऑक्टोबरमधला एक गुरुवार. एका पिग्मी एजंटचं त्या दिवसाचं कलेक्शन दोनदा अपलोड झालं होतं, त्यातलं एक काढायचं होतं. मी पीजीॲडमिनमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या क्वेरी चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, डिलीटची क्वेरी लिहिली, पहिल्या ओळीत डिलीट, खालच्या ओळीत एजंट नंबर आणि तारखेची अट. माउसने सिलेक्ट करताना फक्त वरची ओळ सिलेक्ट झाली आणि मी एफ ५ दाबलं. पीजीॲडमिन सिलेक्ट केलेलाच भाग चालवतो, बाकीचं बघत नाही. अट खाली तशीच राहिली आणि पिग्मीचं सगळं टेबल रिकामं झालं. घड्याळात ४ वाजून ५० मिनिटं. ट्रान्झॅक्शन सुरू केलेलं नव्हतं त्यामुळे रोलबॅकचा, म्हणजे केलेलं मागे घेण्याचा, प्रश्नच नाही.

घाबरले पण मनात होतं की डंप आहे ना. डंप होता, पण आदल्या रात्री ११ चा. एजंट लोक दुपारी ३ नंतर येऊन कलेक्शनचं मशीन सर्व्हरला लावतात, त्या दिवशी २६ पैकी १९ जणांचं अपलोड झालं होतं आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोड झालं की मशीनमधला डेटा साफ व्हायचा. म्हणजे त्या १९ जणांनी दिवसभर दुकानादुकानांत, भाजीमंडईत फिरून गोळा केलेल्या रकमांची नोंद ना मशीनमध्ये, ना सर्व्हरवर. उरल्या फक्त त्यांच्या वह्या. सगळ्यांना परत बोलावलं, आदल्या रात्रीचा डंप वेगळ्या डेटाबेसमध्ये चढवून त्यातून ते टेबल आणलं आणि त्या दिवसाच्या नोंदी वह्यांमधून हाताने टाकल्या. रात्री दीड वाजला. एजंटांपैकी एकानेही मला वाकडा शब्द बोलला नाही, एक जण तर घरून डबा घेऊन आला, ते मी विसरणार नाही.

त्या रात्री माझ्याबरोबर कॅशियर काका थांबले होते. निवृत्तीला आलेले, कॉम्प्युटर यायच्या आधीपासून संस्थेत. एंट्री करता करता ते म्हणाले, "अगं, खतावणी गेली म्हणून एवढी रडतेस कशाला, तुमची कीर्द कुठाय?"

मला कळलंच नाही काय विचारतायत. मग त्यांनी सांगितलं. हाताने हिशेब असायचा तेव्हा पैसा आला की गेला, की पहिल्यांदा कीर्दीत लिहायचं, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, एकाखाली एक. त्यानंतर सवडीने तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. कीर्दीत नाही ते खतावणीत जायचंच नाही, हा नियम. २००५ च्या पुरात त्यांच्या एका शाखेत पाणी शिरलं, खतावण्या भिजून लगदा झाल्या, कीर्द मात्र वरच्या फळीवर होती. मग मार्चअखेरच्या शिल्लका घेतल्या, नव्या खतावण्या उघडल्या आणि एप्रिलपासून कीर्दीतली एकेक नोंद खतवत आले, पुराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. "पंधरा दिवस लागले, पण एका पैचा फरक नाही आला."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टग्रेसचं मॅन्युअल उघडलं आणि तिथे अगदी हेच लिहिलेलं होतं. राइट अहेड लॉग, ज्याला सगळे वॉल म्हणतात, ती कीर्द. कुठलाही बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो, डिस्कवर पक्का होतो, तेव्हाच कमिट झालं असं आपल्याला सांगितलं जातं, आणि टेबलच्या खऱ्या फाइलींमध्ये तो बदल नंतर, ठरावीक अंतराने येणाऱ्या चेकपॉइंटच्या वेळी, सावकाश जातो. वीज गेली आणि सर्व्हर परत चालू झाला की पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनची कीर्द वाचून खतावणी सरळ करून घेतो, हे आपण न सांगता दर वेळी होतं. मग हीच कीर्द आपण बाजूला साठवत गेलो, आणि खतावणीची एक पूर्ण प्रत एखाद्या रात्रीची ठेवली, तर त्या रात्रीनंतरच्या कुठल्याही मिनिटाला परत जाता येतं. ४ वाजून ४९ मिनिटांना सुद्धा.

कोर्समध्ये हे नव्हतं असं नाही, एक स्लाइड होती, पॉइंट इन टाइम रिकव्हरी म्हणून, पण परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी पुढे ढकलली होती. मला राग याचाच येतो. आपल्याकडे बॅकअप शिकवतात आणि रिकव्हरी शेवटच्या तासाला उरकतात, खरं तर उलटं पाहिजे, आधी विचारायचं की कुठल्या मिनिटाला परत जायचंय आणि किती वेळात, त्यावरून ठरतं बॅकअप कसला घ्यायचा. डंप वाईट नाही, एखादं टेबल काढायला किंवा नवीन व्हर्जनवर जायला डंप कामाला येतो, पण डंप म्हणजे ११ वाजता काढलेला फोटो, त्यानंतर काय घडलं ते त्यात येणार कुठून.

तर मी घरी एक जुना डेस्कटॉप घेतला, उबुंटू टाकलं, पोस्टग्रेस टाकला आणि रोज रात्री तासभर मुद्दाम डेटाबेस मोडायला लागले. आर्काइव्ह मोड चालू करायचा, आर्काइव्ह कमांड लिहायची म्हणजे भरलेली प्रत्येक वॉल फाइल, जी १६ एमबीची असते, ती बाजूच्या फोल्डरमध्ये कॉपी होईल, पीजी बेसबॅकअपने पूर्ण प्रत घ्यायची, मग थोड्या नोंदी टाकायच्या, वेळ कागदावर लिहायची, टेबल ड्रॉप करायचं आणि परत आणायचं. वाचायला एवढंसं आहे. मला बरोबर जमायला सहा आठवडे लागले, आणि प्रत्येक आठवड्याने काहीतरी वेगळं शिकवलं.

पहिल्यांदा आर्काइव्हच्या फोल्डरला परमिशन दिली नव्हती. कमांड फेल होत राहिली, आणि पोस्टग्रेसचा नियम असा की जी वॉल फाइल आर्काइव्ह झाली नाही ती तो पुसत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे फाइली साचत गेल्या, डिस्क भरली आणि सर्व्हर पॅनिक नावाची एरर देऊन बंद पडला. तेव्हा त्या डिरेक्टरीचं नाव पीजी एक्सलॉग होतं. नावात लॉग बघून लोकांना वाटायचं साध्या लॉग फाइली आहेत, जागा करायला उडवून टाकू, आणि डेटाबेस कायमचा जायचा. २०१७ मध्ये आलेल्या व्हर्जन १० मध्ये म्हणूनच ते नाव बदलून पीजी वॉल केलं. डिस्क भरली तर दुसरं काहीही काढा, त्या डिरेक्टरीला हात लावू नका. आणि पीजी स्टॅट आर्काइव्हर नावाचा व्ह्यू आहे, किती वेळा फेल झालं आणि शेवटचं फेल कधी झालं ते त्यात दिसतं, रोज सकाळी चहाच्या आधी तो बघायची मला तेव्हापासून सवय लागली.

दुसरा धडा टाइमझोनचा. रिकव्हरी टार्गेट टाइममध्ये मी १६:४९ लिहिलं, सगळं नीट चाललं, डेटाबेस उघडला आणि टेबल नाहीच. तीन रात्री डोकं लावलं. तो डेस्कटॉप यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळावर, होता, म्हणजे माझे १६:४९ त्याच्या लेखी आपल्याकडचे रात्री १०:१९, त्यामुळे तो होती नव्हती तेवढी सगळी कीर्द वाचत गेला आणि माझं ड्रॉप टेबल सुद्धा इमानदारीने खतवून मोकळा झाला. आता मी वेळेपुढे प्लस ०५:३० लिहिल्याशिवाय एंटर दाबत नाही. व्हर्जन १३ पासून एक बरं झालंय, सांगितलेल्या वेळेपर्यंत कीर्द पोचलीच नाही तर तो एरर देऊन थांबतो, तेव्हा मात्र गुपचूप उघडायचा.

ही टार्गेटची गोष्ट जरा समजून घ्या कारण खऱ्या प्रसंगात सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो. कीर्द फक्त पुढे वाचता येते, मागे नाही. म्हणून पहिल्यांदा टार्गेट थोडं आधीच्या वेळेचं द्यायचं, आणि टार्गेट ॲक्शन पॉजवर ठेवायची, म्हणजे तो तिथे येऊन थांबतो आणि हॉट स्टँडबाय ही सेटिंग चालू असेल तर आपल्याला फक्त वाचायला देतो. टेबलं बघा, शेवटची नोंद बघा. आणखी पुढे जायला हवं असेल तर बंद करून टार्गेट वाढवा आणि परत सुरू करा. पुढे निघून गेलात तर मात्र बेस बॅकअप पुन्हा कॉपी करण्यापासून सुरुवात. आणि एकदा डेटाबेस लिहिण्यासाठी उघडला की नवीन टाइमलाइन सुरू होते, वॉल फाइलींच्या नावातले पहिले आठ आकडे बदलतात. जुनी कीर्द पुसली जात नाही, नवीन वही सुरू होते, म्हणून चुकलं तर परत जुन्या वहीवर येता येतं. हे मला फार आवडतं.

मग एक साधीच पण मोठी गोष्ट. पतसंस्थेत दुपारी १ ते ३ कामच नसतं, १६ एमबीची फाइल भरायला कधीकधी दीड तास लागायचा, आणि भरल्याशिवाय ती आर्काइव्हला जात नाही. म्हणजे सर्व्हरच गेला तर तो दीड तास गेला. त्यासाठी आर्काइव्ह टाइमआउट आहे, आम्ही तो ५ मिनिटांवर ठेवला. फाइल रिकामी असली तरी १६ एमबीचीच जाते म्हणून कॉम्प्रेस करायला लागलो. हे ठरवायला मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं की किती डेटा गेला तर चालेल, ते म्हणाले एक रुपया सुद्धा नाही. सगळीकडे हेच उत्तर येतं. मग मी प्रश्न बदलला, ५ मिनिटांच्या नोंदी पावत्यांवरून परत टाकायला किती माणसं लागतील, तासाभराच्या टाकायला किती, आणि काउंटर किती वाजेपर्यंत बंद ठेवलं तर लोक अध्यक्षांच्या घरी जातील. त्यावर मात्र नीट चर्चा झाली आणि आकडे ठरले. आरपीओ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल) आणि आरटीओ (किती वेळात परत उभं राहायचं) म्हणतात ते हेच.

जानेवारी २०१७ च्या शेवटी गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या वेबसाइटचं, प्रकरण झालं. ३१ तारखेला तिथल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी काढतोय असं समजून मुख्य सर्व्हरवरची काढली, चूक कळून थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप बघायला गेले तर पीजी डंप बरेच दिवस फेल होत होता, कारण डेटाबेस ९.६ आणि चालत होती ९.२ ची कमांड, ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठ्यावरची जागा रिकामी, आणि फेल झाल्याच्या मेल येत होत्या त्या मेल सर्व्हरच नाकारत होता त्यामुळे कोणाला कळलंच नव्हतं. शेवटी साधारण ६ तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, सापडला, त्यावर ते उभे राहिले, त्या मधल्या तासांतले अंदाजे ५००० प्रोजेक्टांच्या आणि ७०० नवीन युजरच्या नोंदी गेल्या. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर लिहिलं. मी ते तीन-चार वेळा वाचलं असेल. जगभर नावाजलेल्या लोकांनी आपली चूक इतक्या सरळपणे मांडली म्हणून माझ्यासारख्या सांगलीतल्या सर्व्हरला जपणाऱ्या मुलीला शिकता आलं, याबद्दल मला त्यांचा खरंच आदर वाटतो.

त्यानंतर आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ड्रिल सुरू झालं. वेगळ्या मशीनवर रिस्टोर करायचं, घड्याळ लावून. पहिल्याच ड्रिलला कळलं की डंपमध्ये युजर आणि रोल येतच नाहीत, ते पीजी डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात, त्यामुळे नव्या मशीनवर रोल नाही अशा एररची रांग लागली. २२ जीबीचा डंप चढायला पावणेतीन तास लागले कारण सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात, तोच बेस बॅकअप कॉपी होऊन वॉलसकट ५० मिनिटांत उभा राहिला. आधी बेस बॅकअप दर रविवारी घ्यायचो, शनिवारी ड्रिल केल्यावर सहा दिवसांची कीर्द वाचायला किती वेळ जातो ते दिसलं आणि तो रोज रात्री घ्यायला लागलो. बॅकअप एन्क्रिप्ट करायचो आणि किल्ली त्याच सर्व्हरवर होती, हेही ड्रिलमध्येच लक्षात आलं, मग ती कागदावर लिहून सीलबंद पाकिटात एक प्रत तिजोरीत आणि एक पुण्यात. रिस्टोर झालं की काका यायचे, चष्मा लावून त्या तारखेची छापील रोजकीर्द समोर घ्यायचे आणि हातातली शिल्लक ताडून बघायचे. मी टेबलातल्या ओळी मोजायचे, ते पैसे मोजायचे. पुढे व्हर्जन १३ मध्ये पीजी व्हेरिफायबॅकअप आलं, फाइली शाबूत आहेत का ते सांगतं, चांगलंच आहे, पण शिल्लक जुळते का हे ते सांगत नाही.

मधेच संचालकांपैकी एकाने सुचवलं की दुसरा सर्व्हर घ्या, रेप्लिका, म्हणजे सतत जुळत राहणारी दुसरी प्रत, लावा, मग बॅकअपची कटकट नको. मी त्यांना रेप्लिका लावून दाखवली आणि समोरच मुख्य सर्व्हरवर चाचणीचं एक टेबल ड्रॉप केलं, डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसरीकडूनही गेलं. रेप्लिका मशीन बिघडलं तर कामाची, माणसाचा हात चुकला तर नाही.

नंतर काही काळ मी ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवरही काम केलं. तिथे आरमॅन या बॅकअपच्या टूलमध्ये रिस्टोर आणि रिकव्हर या दोन वेगळ्या कमांड आहेत, आणि बरेच जण वर्षानुवर्षं ते एकच समजतात. जुनी खतावणी कपाटातून काढून टेबलावर ठेवणं म्हणजे रिस्टोर, तिच्यात कीर्द चढवत आणणं म्हणजे रिकव्हर. डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये, म्हणजे कीर्द साठवत ठेवण्याच्या मोडमध्ये, नसेल तर कीर्दीची पानं भरली की त्यावरच परत लिहिलं जातं, मग जुन्या खतावणीपुढे जाताच येत नाही. नव्या ठिकाणी लागलात की पहिल्या दिवशी हेच तपासा.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, मुख्य शाखा तळमजल्यावर. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी सर्व्हर बंद करून वर न्यायचा प्रयत्न केला, वीज गेली, पेनड्राइव्हचं कपाट पाण्यात. रस्ते बंद, कोणी जाऊ शकत नव्हतं. पण २०१७ पासून वॉल फाइली पुण्याला येत होत्या, आणि तासगाव, विटा इथल्या शाखा कोरड्या होत्या, तिथे लोक पैसे काढायला रांगेत उभे राहणार होते, कारण अशा वेळीच पैसे लागतात. मी रात्री ९ ला सुरुवात केली. हात थरथरत होते, म्हणून ड्रिलचा मराठीत लिहिलेला कागद समोर ठेवून एकेक ओळ वाचत गेले. बेस बॅकअप सोमवारी रात्रीचा. शेवटची आलेली फाइल मंगळवारी ५ वाजून २० मिनिटांची. रिकव्हरी पॉजवर थांबली तेव्हा ९ वाजून ५५ मिनिटं झाली होती.

काका तोपर्यंत निवृत्त झाले होते, पण पाणी यायला लागल्यावर शाखेत जाऊन छापील रोजकीर्द आणि त्या दिवसाच्या पावत्या पिशवीत घालून तेच घेऊन आले होते, आणि वरच्या मजल्यावर नातेवाइकांकडे बसले होते. फोन कसाबसा लागला. त्यांनी शेवटच्या पावतीचा नंबर सांगितला, माझ्या स्क्रीनवरचा त्याच्या दोन नंबर मागे. म्हणजे दोन पावत्या कमी. त्यांनी त्या दोन्ही वाचून दाखवल्या, नाव, खातं, रक्कम, मी लिहून घेतल्या. मग त्यांनी टॉर्चच्या उजेडात बेरीज केली आणि हातातली शिल्लक सांगितली, मी माझ्याकडच्या आकड्यात त्या दोन रकमा मिळवल्या.

"जुळलं काका."

"पैशाचा फरक?"

"नाही."

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मागे पाण्याचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "उघड मग डेटाबेस. विट्याचं काउंटर सकाळी वेळेवर सुरू होऊ दे."